गुळगुळीत बाजू आत

“हे उलटं शिवलं गेलंय का?” तिने अगदी सहज विचारलं. सुरात तक्रार नव्हती. ती गुरांची डॉक्टर. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या उत्तरेला टेकड्यांमधल्या एका रँचवरून दुसऱ्या रँचवर दिवसभर पिकअप घेऊन फिरते आणि शर्टाखाली छोटं पिस्तूल बाळगते. त्यासाठी पँटच्या आत राहणारं, पट्ट्याला अडकवायचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान, तिने माझ्याकडून करून घेतलं होतं. मी दिलेलं होल्स्टर बाहेरून खरखरीत होतं, लव असलेलं, आणि आतून तुकतुकीत. दुकानाच्या काचेत मांडलेली असतात तसं चकचकीत तपकिरी काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर असणार. मी कारण सांगितलं. तिने मान डोलावली, पिस्तुलासाठी आणलेली पिशवी रिकामीच परत गाडीत टाकली आणि होल्स्टर कमरेला लावूनच गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला. माझा संपला नाही, कारण चामड्याचं काम शिकायला लागले तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं. जनावराच्या अंगावरची सगळ्यात देखणी बाजू आत दडवायची, जिथे ती कुणालाही दिसणार नाही, आणि जगापुढे मात्र मागची बाजू धरायची. हे कुणाला कशाला सुचलं असेल?

गाईचं कमावलेलं कातडं टेबलावर पसरलं की दोन्ही बाजूंवरून हात फिरवल्याशिवाय मला राहवत नाही. वरची, केसांची बाजू थंड लागते, ताणलेली, घट्ट. डोळा जवळ नेला तर केसांची बारीक छिद्रं दिसतात, एखाद्या ठिकाणी काटेरी तारेचा जुना ओरखडा, कुठे गोचिडाने चावल्याची खूण, मांडीवर डागणीचा शिक्का. जनावराचं सगळं आयुष्य त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. खालची, मांसाची बाजू ऊबदार. तिथे तंतू मोकळे असतात, बोट एका दिशेने नेलं तर फिकट पट्टा उमटतो आणि उलट नेलं तर गडद होतो. या दोन्ही बाजू एकाच कातड्याच्या असल्या तरी त्यांचे स्वभाव वेगळे. वरचे तंतू बारीक आणि दाट विणलेले, खालचे जाड आणि दोरखंडासारखे गुंतलेले. रफ-आउट म्हणजे हेच अख्खं कातडं, वरचा थर शाबूत ठेवून नुसतं उलटं वापरलेलं. स्वेड म्हणून जे बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा चिरून वेगळा केलेला खालचा थर असतो. त्याला वरची बाजूच नसते. दोन्हीकडून लव दिसली की ते मी होल्स्टरला घेत नाही. ते ताणतं, लोंबतं, आणि पिस्तुलाच्या बाबतीत लोंबणं ही फार गंभीर गोष्ट आहे. त्याकडे पुढे येईनच.

गुळगुळीत चामड्यावरचं माझं प्रेम आप्पांकडून आलं. आप्पा फौजदार होते. २६ जानेवारीच्या आदल्या रात्री आमच्या पोलीस लाइनीतल्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलं जायचं आणि त्यावर पट्टा, आडवा पट्टा, बूट आणि होल्स्टर ओळीने मांडलं जायचं. चेरी ब्लॉसमची चपटी डबी, पितळी बकलासाठी ब्रासो, आईच्या जुन्या साडीचं फडकं. आप्पा डबीच्या झाकणात दोन थेंब पाणी घ्यायचे, बोटाला फडकं गुंडाळायचे आणि गोल गोल घासत बसायचे. घरात पॉलिशचा आणि ब्रासोचा मिसळलेला वास इतका भरायचा की जेवणाला त्याचीच चव यायची. पिस्तूल बहुतेकदा ठाण्यात जमा असायचं, त्यामुळे घरातलं होल्स्टर रिकामं असे आणि आम्हाला त्याला हात लावायची मुभा होती. त्याचं झाकण उघडून मी नाक आत घालायची. आत तेलाचा वास, लोखंडाचा वास, आणि बोटांना लागणारी काळी पडलेली लव. बाहेर आरसा होता आणि आत हे असं. पण ते कुणी बघत नव्हतं, आणि परेडला त्याचा काही संबंधही नव्हता.

तो खांद्यावरून जाणारा आडवा पट्टा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो सॅम ब्राउन हिंदुस्थानातल्याच घोडदळाचा अधिकारी होता. १८५८ मध्ये लढताना त्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार उपसायची तर म्यान धरून ठेवायला दुसरा हात नाही, म्हणून कमरेच्या पट्ट्याला खांद्यावरून आधार देणारी ही रचना आली आणि त्यावर पिस्तुलाचं होल्स्टरही बसलं. एका माणसाच्या शरीराची अडचण भागवण्यासाठी झालेली ती वस्तू होती. पुढे ती जगभरच्या सैन्यांत आणि आपल्या पोलिसांत रुबाबाची खूण होऊन बसली. आप्पांना ही गोष्ट ठाऊक होती की नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांच्यासाठी तो पट्टा म्हणजे शिस्त होती. त्यावर डाग दिसला तर ते अस्वस्थ व्हायचे. मला आजही गुळगुळीत, नीट पॉलिश केलेलं चामडं पाहिलं की पाठ ताठ करावीशी वाटते.

म्हणून रफ-आउटशी माझं जमायला वेळ लागला.

ज्या होल्स्टरमुळे ते जमलं त्याचं नाव समर स्पेशल. ब्रूस नेल्सन नावाचा कॅलिफोर्नियातला अमली पदार्थविरोधी अधिकारी, गुप्तपणे काम करणारा. त्याला अंगावरच्या हलक्या कपड्यांखाली मोठं पिस्तूल दिसू न देता बाळगायचं होतं. त्याने ही रचना केली आणि आयडाहोतल्या मिल्ट स्पार्क्सने ती घडवून नावारूपाला आणली. पँटच्या आत राहणारं होल्स्टर, खरखरीत बाजू बाहेर, तोंडाशी कडक पट्टी. आता ती खरखरीत बाजू तिथे काय करते बघा. बाहेरून होल्स्टरला दोन गोष्टी टेकतात, एकीकडे पँटचं कापड आणि दुसरीकडे सदरा किंवा अंग. मोकळे तंतू कापडाला धरतात. माणूस गाडीत चढतो, वाकतो, खुर्चीत बसतो, तरी होल्स्टर सरकत नाही आणि पिस्तूल उपसताना पिस्तुलाबरोबर वर येत नाही. आत मात्र केसांची बाजू लोखंडाला लागते. ती घट्ट असल्यामुळे पिस्तूल अडखळत नाही, तंतू सुटून आत कचरा साचत नाही, आणि वापरत गेलं की ती आणखी गुळगुळीत होत जाते. म्हणजे ज्या बाजूने धरायचं तिथे खरखरीत आणि ज्या बाजूने सोडायचं तिथे गुळगुळीत. हे मला पहिल्यांदा हाताने कळलं, डोक्याने नंतर. एकाच मापाची दोन होल्स्टरं आलटून पालटून पँटमध्ये खोचली. गुळगुळीत बाहेर असलेलं चालता चालता मागे फिरत होतं. दुसरं ठेवलं तिथे राहिलं.

हे होल्स्टरवाल्यांनीच शोधलं असंही नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या शिपायांचे बूट मांसाची बाजू बाहेर ठेवून, त्यावर काळं मेण जिरवून केलेले असत. दुसऱ्या महायुद्धात मरीन शिपायांनी पॅसिफिकच्या बेटांवर घातलेले घोट्यापर्यंतचे बूटही रफ-आउट होते. बाहेरची बाजू दगडांनी, प्रवाळांनी खरचटली तरी झिजतो तो जाड तंतूंचा थर. पाणी अडवणारा दाट थर आत सुरक्षित राहतो. आणि लव तेल-मेण भराभर पिते. टेक्ससमध्ये खोगिरांची बैठकही पुष्कळदा अशीच खरखरीत ठेवतात, मांड पक्की बसावी म्हणून. हे पाहिल्यावर ‘उलटं’ हा शब्द माझ्या तोंडून गेला.

तरी हे एकतर्फी नाही, आणि रफ-आउटचे काही भक्त जसं सांगतात तसं सगळीकडे तेच घालावं या मताची मी नाही. इथला ऑगस्ट चाळिशीत जातो. माणूस घामाने निथळतो आणि अंगाला लागलेली ती लव घाम शोषते. केसांची बाजू बाहेर असती तर घाम आधी तिथेच थोडा अडला असता. आतला दाट थर पिस्तुलापर्यंत ओल जायला उशीर लावतो हे खरं, पण ओल चामड्यात शिरलेली असतेच. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की रात्री पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवू नका, काढून पुसा, होल्स्टर सावलीत वाळू द्या. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याला ओल आणि आम्ल दोन्हीचा अंश असतो, लोखंडाला गंज धरायला तेवढं पुरतं. आणि पट्ट्याच्या बाहेर, उघड्यावर राहणारं होल्स्टर असेल तर मी गुळगुळीत बाजूच बाहेर घेते. तिथे कापडाला धरून ठेवण्याची गरज नाही, ते काम पट्टा करतो. पाऊस, धूळ, गाडीच्या सीटची घासाघीस यांना घट्ट बाजूच तोंड देते. नक्षीही तिच्यावरच उमटते. १९२० च्या दशकात एल पासोमध्ये टॉम थ्रीपर्सन्स या कायद्याच्या माणसासाठी एस. डी. मायर्स या खोगीर करणाऱ्याने जे आखूड, उघडं होल्स्टर केलं ते आजही इथल्या माणसांच्या कमरेला दिसतं, आणि त्यावर कोरलेली पानंफुलं पाहताना माझा हात थबकतो. तशी पानं लवेवर कोरता येत नाहीत. दोन पातळ कातडी मांसाच्या बाजूंनी चिकटवून आत-बाहेर दोन्हीकडे गुळगुळीत बाजू आणता येते, आणि उघड्यावर वापरायच्या होल्स्टरला ते फार छान होतं. पँटच्या आत मात्र तेवढी जाडी बोचते. स्वेडचं अस्तर मी लावत नाही, कितीही मऊ आणि श्रीमंती वाटलं तरी. त्यात वाळूचे कण बसतात आणि उपसताना, घालताना पिस्तुलाचा रंग खरवडत राहतात.

रफ-आउट करताना कातडं निवडायला जास्त जपावं लागतं, हे बाहेरून बघणाऱ्याला खरं वाटत नाही. लोकांचा समज असा की ओरखडे लपवायचे म्हणून उलटं शिवतात. मी सेंट लुइसच्या हर्मन ओक या कारखान्याचं कातडं घेते. १८८१ पासून ते मिसिसिपीच्या काठी झाडांच्या सालीच्या अर्कात कातडी कमावतात. इथे जाडी औंसात मोजतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. होल्स्टरला सात-आठ औंस, म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर. त्यातही पाठीचा भाग. पोटाकडचं कातडं सैल असतं. केसांची बाजू आत घेऊन ते दुमडलं की त्या बाजूला बारीक सुरकुत्या पडतात, आणि नेमकी तीच बाजू पिस्तुलाला लागणार असते. म्हणून कापण्याआधी मी प्रत्येक तुकडा केसांची बाजू आत ठेवून बोटाभोवती वाकवते. सुरकुती उथळ, जवळजवळ नसल्यासारखी असेल तर ठीक. मोठ्या घड्या पडल्या तर तो तुकडा किल्ल्या अडकवायच्या पट्ट्यांना जातो.

मग शिवण, आणि मग सगळ्यात आवडतं काम. शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत धरायचं, बाहेर काढून थोडं सुकू द्यायचं. रंग परत फिकट व्हायला लागला की ते चांगल्या मुरलेल्या कणकेसारखं होतं, बोट दाबलं तर खळगा राहतो. आता आत प्लॅस्टिकचं निळं, खोटं पिस्तूल घालायचं, नेमकं त्या मापाचं, आणि हाडाच्या पट्टीने बाहेरून दाबत जायचं. ट्रिगरभोवतीची कमान, वरच्या भागाची कड, गोळ्या बाहेर पडायची खिडकी. गुळगुळीत बाजू बाहेर असेल तर प्रत्येक रेघ बाहेर स्पष्ट उठते आणि काम केल्याचं समाधान डोळ्यांना लगेच मिळतं. रफ-आउटमध्ये बाहेर नुसता उंचवटा दिसतो, तोही मऊसर. रेघा आत उमटतात. वाळल्यावर खोटं पिस्तूल काढून मी करंगळी आत घालते आणि ट्रिगरच्या कमानीची कड चाचपते. ती लागली की माझं काम झालं. ते कुणाला दाखवता येत नाही.

कातडं भिजलं की जो वास सुटतो तो मला थेट कोल्हापुरात नेतो. साल वेगळी, झाड वेगळं, पण तुरटपणा तोच. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कातडं पिशवीसारखं शिवून, आत साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवायची रीत, पाणी हळूहळू झिरपत कातडं कमावलं जायचं. ढोर समाजाने कमवायचं आणि चर्मकारांनी त्याचं पायताण करायचं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आनंद झाला, पण त्याच वर्षी मी सुट्टीला घरी गेले तेव्हा एका नातेवाईक बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, शिकलीसवरलेली तू, कातड्याचं काम कशाला?” आवाज हळू होता, कुणी ऐकू नये असा. इथे टेक्ससमध्ये हेच काम केलं की लोक हात बघायला मागतात, कौतुक करतात, मुलांना जवळ आणून दाखवतात. तिकडे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या ते केलं त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या अंगाच्या वासावरून बोललं गेलं. रापी कशी धरायची, आरी कातड्यात किती तिरकी घालायची हे मला लहानपणी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी बसणाऱ्या एका काकांच्या हाताकडे बघून ठाऊक झालं होतं. आप्पांचा पट्टा तुटला की तो त्यांच्याकडे जायचा. पट्टा झळाळायचा तो परेडवर, सलामी मिळायची ती पट्ट्याला. काकांना पाणी मात्र वेगळ्या भांड्यातून. हे आठवलं की माझ्या हौसेला हौस म्हणायला जीभ रेटत नाही.

पिस्तुलाबद्दलही माझं मन सरळ नाही. मी ते बाळगत नाही, घरातही नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ते उघड दिसत असेल तर होल्स्टरमध्ये हवं, अशी अट आहे. होल्स्टर कसलं, याबद्दल काही नाही. किराणा दुकानात माझ्या पुढे रांगेत उभ्या माणसाच्या कमरेकडे माझी नजर जाते, आणि ती आधी भीतीने जाते, मग कारागिराची होते. ट्रिगर पूर्ण झाकलाय का? तोंड ताठ आहे का, की पिस्तूल काढल्यावर मिटून जातं? मऊ पडलेल्या चामड्याची कड आत दुमडते, पिस्तूल परत घालताना ट्रिगरच्या कमानीत शिरते, आणि वरून दाब पडला की गोळी सुटते, माणसाच्या स्वतःच्या मांडीत. अशा घटना झालेल्या आहेत. म्हणून पुष्कळजण आता कायडेक्सचं कडक प्लॅस्टिक घेतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मी चामड्यावर काम करते कारण ते अंगावर दिवसभर सोसतं. जी वस्तू बोचते ती माणूस घरी काढून ठेवतो आणि मग पिस्तूल नुसतंच खिशात किंवा पर्समध्ये कोंबतो. ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. पिस्तूल त्याच्या कमरेला असणारच असेल, तर ट्रिगर आणि बाकीचं जग यांच्यामध्ये मी निवडलेलं तीन मिलिमीटर कातडं असावं, आणि ते ताठ असावं. सुंदर दिसतं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

आमच्या रस्त्यावर एक निवृत्त डेप्युटी शेरिफ राहतात. परवा ते त्यांचं जुनं होल्स्टर घेऊन आले, शिवण उसवलेली, ती घालून द्या म्हणाले. रफ-आउटच होतं. बाहेरची लव कधीच गेलेली, घासून घासून ती बाजूही काळी आणि चमकदार झालेली, इतकी की पहिल्या नजरेला मला ते गुळगुळीत चामड्याचंच वाटलं. आत मात्र केसांची बाजू अजून घट्ट होती, छिद्रं दिसत होती. हातात फार छान बसत होतं ते. मी तोंडाची कड दोन बोटांत धरून दाबली. ती मिटली आणि मिटलेलीच राहिली. शिवून देणार नाही म्हटल्यावर ते दुखावले. “माझी सगळी नोकरी झाली यात,” म्हणाले. मी त्यांच्यासमोर निळं पिस्तूल त्यात घालून दाखवलं, कड आत कशी वळते आणि कुठे जाऊन टेकते ते. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, नवीन करा, पण याच मापाचं आणि असंच खरखरीत. जुनं मी कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतलं, तोंडाच्या पट्टीसाठी पाव इंच वाढवलं, आणि पाठीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला. जुनं ते परत घेऊन गेले, त्यात पुन्हा पिस्तूल घालणार नाही एवढं कबूल करून.